लायसनवरचा शेरा: जालन्याची मालवाहतूक आणि मद्यपी चालकाच्या शिक्षेचा इतिहास

मद्यप्राशन करून वाहन चालवल्याबद्दल न्यायालयाने दोषी ठरवलेल्या ट्रकचालकाला पुन्हा काम कसे मिळते, या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या एका कलमात सापडत नाही, कारण त्यात दोन वेगवेगळे इतिहास एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला इतिहास परवान्याचा आहे आणि तो दिल्ली, मुंबई व हैदराबाद येथील सरकारांनी केलेल्या कायद्यांतून उलगडतो. दुसरा इतिहास मालवाहतुकीच्या धंद्यातील विश्वासाचा आहे आणि तो जालन्यासारख्या बाजारपेठेच्या गावातील अडती, ट्रान्सपोर्टची कार्यालये आणि गाडीमालक यांच्या व्यवहारात घडत गेला आहे. कायद्याने या अपराधाच्या परिणामांना मुदत घालून दिली आहे आणि ती मुदत संपल्यावर परवान्यावरील डाग पुसण्याचा हक्कही दिला आहे. धंद्याने मात्र परतीचा मार्ग ओळखीपाळखीवर सोडून दिला, आणि या दोहोंमधील अंतरात चालकाची पुढील अनेक वर्षे जातात.

जालन्याची वाहतूक मोटारीपेक्षा फार जुनी आहे. दख्खनच्या पठारावर लमाण किंवा बंजारा तांडे बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ आणि कापूस लादून शेकडो कोस चालत, आणि लष्करी मोहिमांत सैन्याचे अन्न त्यांच्यावरच अवलंबून असे. आज जालना जिल्ह्यात असलेल्या असई या गावी 23 सप्टेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेची शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याशी लढाई झाली, त्या मोहिमेच्या इंग्रजी पत्रव्यवहारात या तांड्यांचा उल्लेख वारंवार येतो. तांड्याचा प्रमुख, म्हणजे नाईक, हा मालाच्या सुरक्षिततेला जबाबदार असे. एखाद्या बैलवाल्याने माल बुडवला किंवा वाटेत हयगय केली, तर जाब नाईकाला द्यावा लागे आणि त्या माणसाला पुन्हा लदणीवर घ्यायचे की नाही, हेही नाईकच ठरवी. माणसाची पारख करण्याचे काम त्याला रोज पाहणाऱ्याकडे असणे, ही या धंद्याची पहिली रीत होती आणि ती पुढे बराच काळ टिकली.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या राज्यातील हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे मनमाडपर्यंत गेली, जालना तिच्यावर आले आणि लांब पल्ल्याची बैलांची वाहतूक ओसरली. त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा जून 1932 मधील आहे. निजाम सरकारच्या रेल्वेने त्या महिन्यात 27 बस घेऊन रस्ते वाहतुकीचा स्वतंत्र विभाग सुरू केला, आणि प्रवासी वाहतूक सरकारच्या हाती घेण्याचा हा भारतातील पहिला मोठा प्रयोग मानला जातो. सरकारने बस आपल्याकडे घेतली, माल मात्र मोठ्या प्रमाणात खासगी लॉरीवाल्यांकडे राहिला. बस चालवणारा माणूस सेवापुस्तक असलेला, वरिष्ठांपुढे हजर होणारा नोकर झाला. लॉरी चालवणारा मालकाच्या शब्दावर कामाला लागणारा आणि त्याच्याच शब्दावर घरी जाणारा मजूर राहिला. एकाच रस्त्यावरून जाणाऱ्या या दोन चालकांच्या नशिबातील फरक पुढे मद्यपानाच्या अपराधात सर्वाधिक जाणवला, आणि म्हणून 1932 ची ही विभागणी या इतिहासात मध्यवर्ती मानावी लागते.

ब्रिटिश हिंदुस्थानात 1939 चा मोटार वाहन कायदा लागू होता. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर 1951 मध्ये तो कायदा या भागालाही लागू झाला. जमशेदपूरच्या कारखान्यातून टाटा–मर्सिडीझ ट्रक 1954 पासून बाहेर पडू लागले, तसा मराठवाड्याच्या बाजारपेठांतही ट्रकचा धंदा वाढत गेला. या धंद्यात शिरण्याची वाट क्लीनरच्या कामातून जाई. लोकांच्या तोंडी ज्याचा ‘किन्नर’ होतो तो क्लीनर, म्हणजे गाडी धुणारा, चाकाखाली ओट लावणारा, रात्री मालावर निजणारा मदतनीस, काही वर्षे एखाद्या जुन्या चालकाच्या, म्हणजे उस्तादाच्या, हाताखाली काढी. उस्ताद त्याला मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग देई आणि त्याच्या भरवशावर पुढे मालक त्याला गाडी सोपवी. परवाना त्यानंतर काढला जाई. चालकाची खरी ओळख कागदावर नव्हती, ती उस्तादाच्या शिफारशीत होती; पिणारा कोण, कितपत पिणारा आणि पिऊन गाडीला हात लावणारा कोण, हे अड्ड्यावर सर्वांना ठाऊक असे.

मद्याकडे पाहण्याची राज्यसत्तेची दृष्टी या भागात पालटत गेली. निजामाच्या राज्यात अबकारी, म्हणजे शिंदी, मोहाची दारू आणि इतर मादक पदार्थ यांवरील कर, हा महसुलाचा मोठा आधार होता आणि पिणे हा गुन्हा नव्हता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि त्या राज्याचा 1949 चा दारूबंदी कायदा पुढे या भागालाही लागू झाला. या कायद्यात परवान्याशिवाय मद्य घेणे हाच अपराध होता, आणि तो सिद्ध करण्यासाठी रक्ताच्या तपासणीची पद्धत आली: नोंदणीकृत वैद्यकाने नमुना घ्यायचा, तो रासायनिक विश्लेषकाकडे पाठवायचा, आणि 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम किंवा अधिक मद्यार्क आढळला, तर ते औषधी वा अन्य कायदेशीर कारणाने आले हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर पडायची. महाराष्ट्रात रक्तातील मद्याचे मोजमाप प्रथम दारूबंदीच्या कायद्याने रुजवले, वाहतुकीच्या कायद्याने नव्हे, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

1939 च्या कायद्याच्या कलम 117 मध्ये मुळात कोणताही आकडा नव्हता. वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही इतपत मद्याचा अंमल चालकावर असला, तरच तो दोषी ठरे. म्हणजे अंमल किती होता हे पंच, पोलीस आणि डॉक्टर यांच्या वर्णनावरून ठरवावे लागे. या वर्णनांची मर्यादा महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका अपिलात 1971 मध्ये उघड झाली. तोंडाला येणारा दारूचा वास, अडखळती चाल, विस्फारलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बोलणे एवढ्यावरून, रक्त किंवा लघवीची तपासणी केली नसताना, माणूस नशेत होता असे मानता येणार नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. तालुक्याच्या ठिकाणी अशी तपासणी तातडीने होणे ज्या काळात अवघड होते, त्या काळात पिणाऱ्या चालकाचा निवाडा न्यायालयात होण्यापेक्षा मालकाच्या ओट्यावर अधिक होई, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरणार नाही.

1 जुलै 1989 रोजी अमलात आलेल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याने भूमिका एकदम कठोर केली. त्याच्या कलम 185 च्या मूळ शब्दरचनेनुसार रक्तात कितीही अल्प प्रमाणात मद्यार्क असला तरी अपराध होत असे. 1994 च्या दुरुस्तीने ही अट सैल करून 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक अशी मर्यादा घातली आणि श्वास विश्लेषक, म्हणजे फुंकर मारून मद्यार्क मोजण्याचे यंत्र, हे पुराव्याचे मुख्य साधन ठरवले. ही मर्यादा दुचाकीस्वारालाही तीच आहे आणि वीस टन सळया घेऊन निघालेल्या ट्रकचालकालाही तीच आहे. या कलमाखाली विनावॉरंट अटक करता येते, मात्र अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही तर त्या व्यक्तीला सोडावे लागते. मंठा किंवा घनसावंगीकडच्या एखाद्या आडवाटेवर मध्यरात्री पकडलेल्या चालकाच्या बाबतीत दोन तासांची ही अट पोलीस आणि आरोपी या दोघांनाही किती महत्त्वाची असते, हे उघड आहे. हा अपराध जागेवर तडजोड शुल्क भरून मिटवता येत नाही. खटला न्यायालयातच जातो.

शिक्षेनंतर काय, याचे उत्तर याच कायद्याच्या पुढच्या-मागच्या कलमांत आहे आणि ते चालकांपर्यंत क्वचितच पोहोचते. न्यायालय दंड किंवा कैदेबरोबर चालकाला ठरावीक काळासाठी अनर्ह ठरवू शकते. अनर्हता म्हणजे त्या मुदतीत परवाना बाळगण्यास किंवा नवा काढण्यास मनाई, आणि ती चालू असताना हाती असलेला परवाना निष्प्रभ होतो. त्याखेरीज पृष्ठांकन होते, म्हणजे अपराधाचा शेरा परवान्यावरच नोंदवला जातो. परवाना पुस्तिकेच्या रूपात होता तेव्हा हा शेरा उघड दिसे. गाडीवर घेण्यापूर्वी मालकाने पुस्तिका चाळली की चालकाचा भूतकाळ त्याच्यासमोर येई. दुसऱ्यांदा याच अपराधात दोषी ठरल्यास मात्र कलम 22 नुसार न्यायालयाला परवाना रद्दच करावा लागतो.

या कठोर कलमांशेजारीच कलम 25 आहे, आणि त्यात या कायद्याची उदारता दडलेली आहे. शेवटचे पृष्ठांकन झाल्यानंतर सलग तीन वर्षे चालकाच्या नावावर नवे पृष्ठांकन झाले नाही, तर जुना परवाना जमा करून आणि कायद्यात सांगितलेले पाच रुपयांचे शुल्क भरून सर्व शेऱ्यांपासून मुक्त असा नवा परवाना मिळवण्याचा त्याला हक्क आहे; अनर्हतेचा काळ मात्र या तीन वर्षांत मोजला जात नाही. संसदेने येथे स्पष्टपणे मान्य केले आहे की, एका रात्रीच्या अपराधाने माणसाचा व्यवसाय जन्मभर डागाळलेला राहू नये. अशा तरतुदीची माहिती गाडीतळांवर, चालकांच्या संघटनांत आणि परिवहन कार्यालयाच्या खिडकीवर ठळकपणे दिली जायला हवी होती. ती न दिल्यामुळे सर्वाधिक नुकसान मोठ्या कंपन्यांत नोकरी शोधणाऱ्या, पडताळणीला सामोरे जाणाऱ्या प्रामाणिक चालकाचे होते.

येथे 1932 ची विभागणी पुन्हा समोर येते. निजामाच्या बस विभागाचा मराठवाड्यातील हिस्सा राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई राज्याकडे आला आणि 1961 मध्ये एसटी महामंडळात विलीन झाला. कर्तव्यावर मद्यपान केलेल्या एसटी चालकाला निलंबन, आरोपपत्र, खातेनिहाय चौकशी आणि त्यानंतर कामगार न्यायालय अशी पायऱ्यापायऱ्यांची वाट असते. शिक्षा कडक असली तरी ती कोणत्या कारणाने आणि किती, हे लिहून द्यावे लागते. उत्तर प्रदेशातील सशस्त्र पोलीस दलाच्या ट्रकचालकाचे एक प्रकरण या संदर्भात बोलके आहे. कुंभमेळ्याच्या बंदोबस्तासाठी जवानांना नेत असताना त्याने मद्याच्या अंमलाखाली जीपला धडक दिली आणि त्याला बडतर्फ करण्यात आले. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ नशिबाने जीवितहानी झाली नाही म्हणून अशा वर्तनाकडे सौम्यतेने पाहता येणार नाही, असे बजावले. तरीही 25 वर्षांची सेवा लक्षात घेऊन बडतर्फीचे रूपांतर सक्तीच्या निवृत्तीत केले. सरकारी चालकाच्या दीर्घ सेवेला वजन मिळाले, कारण ती कुठेतरी नोंदलेली होती.

खासगी ट्रकचालकाची सेवा अशी कुठेच नोंदलेली नसते. मोटार वाहतूक कामगार कायदा 1961 मध्ये झाला. त्याने रोजचे काम आठ तास आणि आठवड्याचे 48 तास अशी मर्यादा घातली, विश्रांती आणि रजेची तरतूद केली, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू झाला. एक-दोन गाड्यांचा मालक त्याच्या कक्षेबाहेर राहिला, आणि भारतातील ट्रकचा धंदा मोठ्या अंशी अशाच मालकांचा आहे. फेऱ्यावर पगार, वाटखर्चाला भत्ता, हजेरीपत्रक नाही, नियुक्तिपत्र नाही, अशा व्यवस्थेत वीस वर्षे अपघाताविना गाडी चालवलेल्या माणसाकडेही ते सिद्ध करणारा कागद नसतो. त्याच्याविरुद्धचा एकमेव कागद म्हणजे न्यायालयाचा निकाल. अपराधाची नोंद सरकार ठेवते आणि चांगल्या कामाची नोंद कोणीच ठेवत नाही, हा या धंद्यातील गंभीर अन्याय आहे, आणि तो दूर करण्यासाठी मद्यपी चालकाबद्दल सहानुभूती असण्याचीही गरज नाही.

मालकांच्या वाढत्या सावधगिरीमागे विम्याचा मोठा वाटा आहे. अनर्ह चालकाच्या हाती गाडी दिली तर मालक स्वतः दंडास पात्र ठरतो, हे एक झाले. शिवाय तृतीय पक्षाच्या, म्हणजे अपघातात सापडलेल्या त्रयस्थाच्या, भरपाईबाबत 2004 मधील स्वरणसिंग प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाची भूमिका अशी आहे की, वैध परवान्याच्या अटीचा मालकाने जाणूनबुजून भंग केला असेल, तर विमा कंपनीने जखमीला आधी पैसे द्यावेत आणि नंतर ते मालकाकडून वसूल करावेत. चालक मद्याच्या अंमलाखाली असताना गाडीचे नुकसान झाल्यास ते भरून न देण्याची अट सर्वसाधारण पॉलिसीत असते, आणि 2021 मधील एका निकालात न्यायालयाने असेही स्पष्ट केले की, ही अट लागू करण्यासाठी विमा कंपनीला चालकाच्या फौजदारी शिक्षेची वाट पाहण्याचे कारण नाही. कर्जावर घेतलेल्या गाडीच्या मालकाला एका अपघातात सर्व काही गमावण्याची भीती असते, म्हणून ओळखीचा, पण शेरा असलेला चालक आणि अनोळखी, पण स्वच्छ परवान्याचा चालक यांत तो दुसऱ्याला निवडू लागला, तर त्याला दोष देता येत नाही.

गेल्या दशकात नोंद अधिक पक्की झाली. रस्ता सुरक्षेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने ऑगस्ट 2015 मध्ये मद्यप्राशन करून वाहन चालवणाऱ्यांचा परवाना किमान तीन महिने निलंबित करण्याचे निर्देश राज्यांना दिले. डिसेंबर 2016 च्या निकालाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई झाली; लहान लोकवस्तीसाठी हे अंतर पुढे 220 मीटर करण्यात आले आणि शहरी हद्दींना सवलत मिळाली. अंबड तालुक्यातून वडीगोद्री, शहागडमार्गे जाणारा धुळे–सोलापूर रस्ता असो वा जालन्याहून फुटणारे इतर रस्ते, ढाब्याशेजारच्या दुकानाचा प्रश्न यामुळे चर्चेत आला. 2019 च्या दुरुस्तीने पहिल्या अपराधाचा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपयांपर्यंत आणि दुसऱ्याचा पंधरा हजारांपर्यंत वाढवला. पोलिसांनी पाठवलेला परवाना परवाना प्राधिकाऱ्याने प्रथम तीन महिने निलंबित करावा, पुन्हा तसे घडल्यास रद्द करावा, आणि निलंबित परवाना उजळणी प्रशिक्षण पूर्ण केल्यावरच परत द्यावा, अशीही तरतूद तिने केली. याच सुमारास ‘सारथी’ या देशव्यापी संगणकीय नोंदवहीमुळे एका जिल्ह्यात अडकलेल्या चालकाने दुसऱ्या राज्यातून दुसरा परवाना काढण्याची जुनी पळवाट अरुंद झाली. रस्त्यावरच्या निरपराध माणसाच्या दृष्टीने हे आवश्यक होते.

अमेरिकेतील व्यवस्थेशी तुलना केल्यास येथील उणीव नेमकी दिसते. तेथे व्यावसायिक चालकासाठी मद्याची मर्यादा सामान्य चालकापेक्षा कमी आहे, पहिल्या अपराधाला वर्षभराची आणि दुसऱ्याला आजन्म बंदी आहे, आणि 6 जानेवारी 2020 पासून चालकांच्या चाचण्यांतील अपयशाची केंद्रीय नोंद पाहूनच मालकाला चालक नेमावा लागतो. नियम भारतापेक्षा कडक आहेत, तरी कामावर परतण्याचे टप्पे ठरलेले आहेत: तज्ज्ञाकडून तपासणी, उपचार किंवा शिक्षण, पुन्हा चाचणी आणि त्यानंतरही काही काळ अचानक होणाऱ्या चाचण्या. व्यसन हा आजार असू शकतो आणि तो बरा झाल्याचे कोणीतरी जबाबदारीने सांगितले पाहिजे, हे त्या व्यवस्थेत गृहीत आहे. भारतीय कायदा सराईत मद्यपीला परवान्यास अपात्र ठरवण्याचा अधिकार देतो, पण तो सावरला आहे हे ठरवण्याची रीत त्यात जवळजवळ नाही.

1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढे एमएच 21 हा क्रमांक त्याच्या वाहनांवर आला. बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबी आणि कापसाचे बाजार, भंगारापासून सळई बनवणारे पोलाद कारखाने, डिसेंबर 2015 मध्ये पायाभरणी झालेला शुष्क बंदराचा प्रकल्प आणि जिल्ह्यातून जाणारा, डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झालेला समृद्धी महामार्ग यांनी येथील मालवाहतुकीची मागणी वाढवत नेली आहे. या मागणीत दोन थर स्पष्ट आहेत. कंत्राटावर चालणाऱ्या मोठ्या ताफ्यांत परवान्याची ऑनलाइन पडताळणी आणि अनेकदा पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र लागते; बाजार समिती, वाळू, वीट, दुष्काळातील पाण्याचे टँकर आणि उसाच्या हंगामातील वाहतूक यांत अजूनही शब्दावर काम मिळते. दोषी ठरलेला चालक अनर्हतेच्या काळात हमाली, गॅरेज किंवा पुन्हा क्लीनरचे काम धरतो आणि मुदत संपल्यावर पहिल्यांदा या दुसऱ्या थरात परततो, जेथे मोबदला कमी आणि जोखीम अधिक असते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतच्या एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते हे कायम केल्यामुळे, छोट्या टेम्पोची वाट त्याच्यासाठी थोडी रुंद झाली आहे. जड वाहनावर परतण्यासाठी मात्र परिवहन परवान्याचे नूतनीकरण, त्यासाठीचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि निलंबन झाले असल्यास उजळणी प्रशिक्षणाचा दाखला हे सर्व हाती असावे लागते, आणि अनर्हतेचा काळ वगळून शेऱ्याविना तीन वर्षे पूर्ण होताच कलम 25 खालील अर्ज परिवहन कार्यालयाकडे त्यालाच करावा लागतो, कारण संगणकातील शेरा आपोआप पुसण्याची तरतूद त्या कलमात नाही.